रसदेचा खेळ

‘एज ऑफ एम्पायर्स’ या संगणकीय खेळाच्या दुसऱ्या भागाची चित्रं पाहिली तर तो निव्वळ लढाईचा खेळ वाटतो. भाले रोखलेले घोडेस्वार, ढासळणारे तट, दगडफेकीची अजस्र यंत्रं. प्रत्यक्ष डाव सुरू होतो तेव्हा खेळणाऱ्याच्या हाती तीन गावकरी असतात, टेहळणीसाठी एक स्वार असतो आणि ‘टाउन सेंटर’ नावाची गावातली मुख्य इमारत असते. कोठारात २०० अन्न, २०० लाकूड, १०० सोनं आणि २०० दगड. मग मेंढ्या हुडकायच्या, बोरं तोडायची, रानडुकराला डिवचून गावापर्यंत आणायचं आणि तिथे सगळ्यांनी मिळून मारायचं, झाडं पाडायची, घरं बांधायची आणि शिकार संपत आली की शेतं करायची. बहुतेक डावांत पहिली आठ-दहा मिनिटं लढाऊ सैनिक बनतच नाहीत आणि तरीही पुष्कळ डावांचा निकाल त्याच मिनिटांत ठरून गेलेला असतो. हा खेळ मुलांना इतिहास शिकवतो, असं त्याचे चाहते म्हणतात. तो इतिहासाचा विपर्यास करतो, असं टीकाकार म्हणतात. दोघंही सहसा त्यातल्या राजांबद्दल आणि लढायांबद्दल बोलत असतात. माझं म्हणणं असं, की या खेळातला खरा इतिहास जोन ऑफ आर्कच्या किंवा सलाउद्दीनच्या गोष्टीत शोधू नये, कोठाराच्या हिशेबात शोधावा. सैन्य उभं राहतं ते कोणाच्या तरी शेताच्या जिवावर, आणि ते शेत ओस पडलं की सैन्यही फार काळ टिकत नाही. नुसतं वाचून ही गोष्ट डोक्यावरून जाते. या खेळात ती दर मिनिटाला भोगावी लागते.

ज्यांनी असा खेळ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. या प्रकाराला ‘रिअल टाइम स्ट्रॅटेजी’ म्हणतात. बुद्धिबळात एकाची खेळी झाली की दुसऱ्याला विचाराला सवड मिळते. इथे पाळीच नसते. दोन्हीकडची, कधी आठ जणांची राज्यं एकाच वेळी चालत असतात आणि घड्याळ कोणासाठी थांबत नाही. त्यामुळे अन्न, लाकूड, सोनं, दगड या चार साधनांच्या जोडीला वेळ हे पाचवं साधन होतं, आणि तेच सगळ्यांत दुर्मिळ असतं. ‘ड्यून २’ (१९९२), ‘वॉरक्राफ्ट’ (१९९४) आणि ‘कमांड अँड कॉन्कर’ (१९९५) यांनी हा प्रकार लोकप्रिय केला, पण त्यांची जगं कल्पित होती. अमेरिकेतल्या डॅलसच्या ‘एन्सेम्बल स्टुडिओज’ने १९९७ मध्ये त्याला इतिहासाचं अंग दिलं. त्या चमूतले ब्रूस शेली आधी सिड मायर यांच्यासोबत ‘सिव्हिलायझेशन’ (१९९१) या खेळावर काम केलेले होते. तो पाळीपाळीने खेळायचा, शेतीपासून अंतराळयानापर्यंत जाणारा खेळ. त्याचा पसारा आणि वॉरक्राफ्टची धावपळ यांच्या मिलाफातून ‘एज ऑफ एम्पायर्स’ जन्माला आला. मध्ययुगावरचा दुसरा भाग १९९९ मध्ये आला, २०१९ मध्ये तो नव्या रूपात निघाला आणि आजही त्याच्या स्पर्धा भरतात.

आता हिशेबाकडे येऊ, कारण माझा सगळा मुद्दा त्यावरच उभा आहे. या खेळातला ‘नाइट’, म्हणजे चिलखती घोडेस्वार, ६० अन्न आणि ७५ सोनं खर्चून ३० सेकंदांत तयार होतो. एक शेतकरी सेकंदाला सुमारे एक तृतीयांश अन्न पिकवतो. म्हणजे एकच पागा अखंड चालू ठेवायची तर सहा शेतकरी आणि सोन्याच्या खाणीवर सहा-सात माणसं कायमची गुंतली. दोन पागा असतील तर पंचवीस. त्याच वेळी टाउन सेंटरमधून दर २५ सेकंदांना ५० अन्न खर्चून नवा गावकरी यायला हवा. त्यासाठी आणखी सहा शेतकरी. प्रत्येक शेताला सुरुवातीला ६० लाकूड लागतं आणि शेत निकस झालं की तेवढंच पुन्हा, म्हणून लाकूडतोडे वेगळे. राहायला जागा नसेल तर नवा माणूसच तयार होत नाही, म्हणून घरं. अंधारयुगातून सरंजामी युगात जायला ५०० अन्न, तिथून किल्ल्यांच्या युगात जायला ८०० अन्न आणि २०० सोनं, आणि शेवटच्या साम्राज्ययुगासाठी १००० अन्न व ८०० सोनं. एक किल्ला म्हणजे ६५० दगड. रूढ नियमांनुसार राज्याची लोकसंख्या २०० वर थांबते, आणि मुरलेला खेळाडू त्यांतली शंभराहून अधिक माणसं शेतात, रानात आणि खाणीत ठेवतो. म्हणजे ऐन युद्धातही राज्यातली निम्म्याहून जास्त माणसं कधीच शस्त्र उचलत नाहीत. नवखा खेळाडू याच्या उलट वागतो. त्याला पंधरा स्वार हवेसे वाटतात, म्हणून तो गावकरी बनवणं थांबवतो. ते पंधरा स्वार मेले की सोळावा घडवायला त्याच्याकडे काही उरत नाही.

यातूनच खेळाची युद्धनीती ठरते. जाणता खेळाडू शत्रूच्या फौजेवर चाल करण्याआधी त्याच्या लाकूडतोड्यांवर आठ-दहा स्वार सोडतो. खेळाडू याला ‘रेड’ म्हणतात. शत्रूने गावाची घंटा वाजवली की त्याचे गावकरी टाउन सेंटरसारख्या जवळच्या आसऱ्यांत लपतात. कोणी मरत नाही, पण कामही होत नाही. एक मिनिट घंटा वाजत राहिली तर पन्नास माणसांचं एक मिनिटाचं उत्पन्न बुडालं, आणि त्याची भरपाई पुढे कुठलाच पराक्रम करू शकत नाही. मराठी वाचकाला हे परकं वाटायला नको. १७२८ च्या फेब्रुवारीत पहिल्या बाजीरावाने निजामाला पालखेडजवळ कोंडलं ते समोरासमोरच्या मोठ्या लढाईत नव्हे. आधी त्याच्या मुलखात धुमाकूळ घालून त्याला पाठीवर घेतलं, जड तोफखान्यापासून तोडलं आणि दाणा-पाणी बंद केलं. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. पानिपतावर हीच गोष्ट आपल्यावर उलटली. १७६० च्या नोव्हेंबरपासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत मराठ्यांची छावणी तिथे अडकून पडली. गंगा-यमुनेमधल्या अंतर्वेदीतून रसद पोचवण्याची आणि अब्दालीची रसद तोडण्याची कामगिरी गोविंदपंत बुंदेल्यांवर होती. डिसेंबरात ते मारले गेले. १४ जानेवारीला जे सैन्य लढायला बाहेर पडलं ते उपाशी होतं. आपल्या कथा-कादंबऱ्यांनी आणि चित्रपटांनी त्या दिवसाच्या तलवारी पुष्कळ दाखवल्या. त्याआधीच्या अडीच महिन्यांत कोठार कसं रिकामं होत गेलं याचा विचार आपण त्या मानाने कमी केला. या खेळात ज्याने दोन-चार वेळा उपासमारीने डाव घालवला आहे, त्याला ते अडीच महिने समजावून सांगावे लागत नाहीत.

सोन्याचंही तसंच. नकाशावरच्या खाणी मोजक्या असतात आणि लांबलेल्या डावात त्या संपतात. मग ज्यांना सोनं लागत नाही असे भालाईत, भालाफेके आणि हलके स्वार एवढेच घडवता येतात. खेळाडू त्यांना ‘ट्रॅश’ म्हणतात आणि अटीतटीचे कितीतरी सामने शेवटी याच स्वस्त माणसांवर लढले जातात. तोवर ज्याने लांबच्या बाजारपेठेशी व्यापारी गाड्या सुरू केल्या असतील त्याचं सोनं चालू राहतं. मार्ग जितका लांब तितका नफा अधिक, आणि जितका लांब तितकी लुटीची भीतीही अधिक. बाजारात धान्य विकून सोनं घेता येतं, पण दर विक्रीला भाव पडत जातो. रोकड आटली की मोठमोठ्या सेनापतींची काय अवस्था होते, हे १७६० च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत दिसलं. पगार भागवण्यासाठी मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ यांना दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून वितळवावं लागलं.

शेतीच्या बाबतीत तर हा खेळ चकित करण्याइतका नेमका आहे. त्यात शेताचं उत्पन्न वाढवणाऱ्या तीन सुधारणा आहेत: घोड्याच्या गळ्यातलं भक्कम जू, जड नांगर आणि पिकांची फेरपालट. एका शेतातून आधी १७५ अन्न निघतं, तिन्ही सुधारणा झाल्या की ५५०. अमेरिकी इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६२ मध्ये मध्ययुगीन तंत्रज्ञानावरच्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात नेमक्या याच तीन गोष्टींना उत्तर युरोपच्या उत्कर्षाचं श्रेय दिलं होतं. तिथली माती भारी आणि ओली, रोमन काळापासूनचा हलका नांगर तिला पुरा पडत नसे. घोड्याचा गळा आवळणारा जुना पट्टा जाऊन खांद्यावर भार घेणारं जू आलं तेव्हा बैलापेक्षा चपळ जनावर औताला जुंपता आलं. शेताचे दोनऐवजी तीन भाग करून आलटून पालटून पेरल्याने पडीक जमीन घटली. व्हाइट यांनी एकेका अवजाराला फार मोठं श्रेय दिलं, अशी टीका नंतरच्या अभ्यासकांनी केली आणि तिच्यात तथ्य आहे. तरीही जगभरच्या लाखो मुलांनी जड नांगराचं नाव ऐकलं, तो घेतला नाही तर पागा बंद पडते हे अनुभवलं, ही किमया आजवर किती पाठ्यपुस्तकांना जमली आहे?

यावर पहिला आक्षेप येतो तो ढोबळ चुकांचा. तो खरा आहे आणि झाकण्यात अर्थ नाही. ‘अरेबिया’ नावाच्या नकाशावर अ‍ॅझ्टेक आणि मंगोल एकमेकांशी भिडतात, जे कधी घडणं शक्य नव्हतं. अ‍ॅझ्टेकांकडे घोडा नव्हता हे खेळ पाळतो, पण त्यांनाही मालवाहू गाड्या देतो. केल्ट लोकांचे खास योद्धे अंगाला निळा रंग फासून तेराव्या शतकातल्या स्कॉटिश विल्यम वॉलेसच्या बाजूने लढतात. ती चाल त्याच्या हजार वर्षं आधीची. शेली यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे, की करमणुकीच्या खेळाला सखोल संशोधनाची गरज नसते, ग्रंथालयाच्या बालविभागातली पुस्तकं पुरतात. म्हणजे पोशाख आणि प्रसंग यांची अचूकता हे त्यांचं ध्येयच नव्हतं. मला वाटतं, या चुका त्रासदायक असल्या तरी वरवरच्या आहेत. वॉलेसचे निळे योद्धे हे असत्य एका परिच्छेदात दुरुस्त करता येतं. सैन्य आणि शेती यांचा संबंध मात्र एका परिच्छेदात शिकवता येत नाही.

याहून खोल चूक आहे ती सगळ्या जगाला एकच जिना चढायला लावण्याची. अंधारयुग, सरंजामी युग, किल्ल्यांचं युग ही पश्चिम युरोपच्या इतिहासाची विभागणी. चिनी, माया किंवा चोळ यांनाही त्याच पायऱ्यांवरून जावं लागतं. दुसऱ्या भागात भारताच्या वाट्याला तर बराच काळ काहीच नव्हतं. २०१३ मध्ये ‘इंडियन्स’ नावाचा एकच समूह आला. खैबरपासून कन्याकुमारीपर्यंत सगळे एकाच साच्यात. २०२२ मध्ये ‘डायनेस्टीज ऑफ इंडिया’ने तो मोडून हिंदुस्तानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर असे चार समूह केले आणि राजेंद्र चोळ, देवपाल व बाबर यांच्या मोहिमा घातल्या. या चौघांना युरोपी नाइट मिळत नाही, आणि धडक देऊन तट फोडायचं काम ओंडक्याऐवजी चिलखती हत्ती करतो. हिंदुस्तान्यांचा भर उंटांवर, गुर्जरांचे गावकरी मेंढ्या मारण्याऐवजी गिरणीत ठेवून त्यांच्यापासून सतत अन्न मिळवू शकतात. २०२१ मधल्या चौथ्या भागात मंगोल आपल्या इमारती उचलून दुसरीकडे नेतात, आणि दिल्लीच्या सुलतानांना संशोधन फुकट मिळतं पण संथपणे, मशिदीत विद्वान बसवले तर वेगाने. तिसऱ्या भागाच्या २०२० मधल्या नव्या आवृत्तीत अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या सल्ल्याने ‘इरोक्वा’ आणि ‘सू’ ही नावं बदलून ‘हॉडेनोशॉनी’ आणि ‘लाकोटा’ केली गेली. फरक नुसत्या पोशाखातून न दाखवता पोट भरण्याच्या पद्धतीतून दाखवावा, हे निर्मात्यांना उमगू लागलं आहे. माझ्या दृष्टीने ती प्रगती चित्रांतल्या सुधारणेपेक्षा मोठी आहे.

पण सर्वांत कठीण आक्षेप वेगळाच आहे, आणि तो थेट माझ्या मुद्द्यावर येतो. कोठार हेच जर या खेळाचं सत्य, तर ते कोठार तरी खरं आहे का? इथला सैनिक एकदा घडला की पुन्हा जेवत नाही. घोड्याला वैरण लागत नाही. पावसाळा नाही, म्हणून दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेला निघण्याचं कारणही नाही. छावणीत रोगराई नाही, पगार थकला म्हणून फौज रुसत नाही. धनुर्धारी सुमारे अर्ध्या मिनिटात तयार होतो. इंग्लंडमध्ये मात्र लांब धनुष्य ओढणारे हात पोरवयापासून घडवावे लागत, म्हणून तिसऱ्या एडवर्डने १३६३ मध्ये सुट्टीच्या दिवशी धनुर्विद्येचा सराव सक्तीचा केला होता. गावकरी कर चुकवत नाहीत, गाव सोडून पळत नाहीत, जमीन कोणाचीच नसते. आणि सावकार तर औषधालाही नाही. पहिल्या बाजीरावाच्या पत्रांतून कर्जाची टोचणी सतत जाणवते; अठराव्या शतकातल्या मराठ्यांच्या कितीतरी मोहिमा सावकारांच्या कर्जावर निघत. त्या काळच्या सत्तेचा कणाच ज्यात नाही, त्या नमुन्याला इतिहास कसं म्हणायचं?

मला हा आक्षेप निम्मा मान्य आहे. खेळातली अर्थव्यवस्था म्हणजे इतिहासाचा सांगाडाही नव्हे, त्यातली दोन-तीन हाडं. पण ती हाडं खरी आहेत: श्रमाला वेळ लागतो, हात एका वेळी एकच काम करतात, आज सैनिकावर घातलेलं अन्न उद्याच्या शेतकऱ्याच्या तोंडचं असतं. कोणताही नमुना काही गाळूनच उपयोगाचा होतो. तो काय गाळतो हे सांगणारं कोणी जवळ असणं महत्त्वाचं. ज्याने खेळातला हिशेब पचवला आहे त्याला ‘आता समज, हे स्वार रोज खातात आणि त्यांचे घोडे त्यांच्याहून जास्त खातात’ एवढं म्हटलं तरी पुरतं. बाकीचा हिशेब तो स्वतः मांडू लागतो. बंजाऱ्यांचे हजारो बैलांचे तांडे फौजांना धान्य का पुरवत, बाजारबुणग्यांशिवाय छावणी का चालत नसे, लढवय्यांहून इतरांची संख्या का मोठी असे, हे प्रश्न त्याला पडू शकतात. हे प्रश्न न पडता पानिपतावर रडणारी माणसं आपल्याकडे खूप आहेत.

हिंसेचा आणि वेळ वाया जाण्याचा आक्षेप मी थोडक्यात घेतो. एक डाव साधारण पाऊण तासाचा असतो आणि ‘अजून एकच’ म्हणण्याची ओढ जबर असते. त्याला वेळेची मर्यादा घालणं हे घरातल्या मोठ्यांचं काम आहे, त्यात वाद नाही. लढाईत मेलेल्यांबद्दल खेळ काहीच वाटू देत नाही, हे मला जास्त खुपतं. लाकूडतोड्यांवर स्वार सोडणं ही चाल म्हणून अचूक आहे, पण खऱ्या जगात त्या चालीचं नाव जळालेली गावं असं होतं. मुलाने ती चाल शिकली तर त्याला तिची किंमतही सांगितली पाहिजे, आणि ते संगणक सांगणार नाही.

मराठे या प्रकारच्या खेळांत अगदीच नाहीत असं नाही. २००९ च्या ‘एम्पायर: टोटल वॉर’मध्ये १७०० सालापासून मराठ्यांची बाजू घेऊन खेळता येतं, तिथे राज्यकारभार पाळीपाळीने आणि फक्त लढाई रिअल टाइममध्ये चालते. आपल्याकडच्या कोणी तरुणांनी शिवकाळावर किंवा पेशवाईवर स्वतःचा खेळ करायचं ठरवलं तर मोह होईल तो गडकोटांची देखणी चित्रं, भगवे आणि तलवारी यांचा. त्यांना माझी विनंती आहे, की आधी सावकार घाला, तांडा घाला, पावसाळा घाला, चौथाईची वसुली घाला आणि थकलेला पगार घाला. लागणारी माहिती कल्पनेने रचावी लागणार नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात हिशेबाची मोडी कागदपत्रं रुमालांत बांधून ठेवलेली आहेत, आणि गो. स. सरदेसाई यांनी त्यांतून निवडून काढलेले ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात छापूनही झाले आहेत.